सरासरीतला फरक आणि ‘लक्षणीय’चा शिक्का

संपादक महोदय,

दोन गटांच्या सरासऱ्या वेगळ्या आल्या की ‘फरक सिद्ध’ अशी बातमी होते. पण नुसत्या फरकावरून काहीच ठरत नाही. तो प्रमाण त्रुटीच्या, म्हणजे निव्वळ योगायोगाने फरक साधारण किती हलू शकतो त्या मापाच्या, किती पट आहे, ते पाहावे लागते.

समजा, दोन स्वतंत्र गट, प्रत्येकी २५ जण, सरासरी गुण ६२ आणि ५८, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप) दोन्हीकडे १०. विचलनाचा वर्ग भागिले संख्या, म्हणजे १०० भागिले २५, उत्तर ४. दोन्ही गटांची बेरीज ८, तिचे वर्गमूळ २.८३, हीच फरकाची प्रमाण त्रुटी. फरक ४ भागिले २.८३ म्हणजे ‘टी’ हा आकडा १.४१, त्यावरून येणारे पी-मूल्य (अर्थ पुढे दिला आहे) सुमारे ०.१६. ‘लक्षणीय’ म्हणायला पी ०.०५ पेक्षा कमी हवे, या रूढ मर्यादेत हे बसत नाही. प्रत्येकी १०० जण असते, तर टी २.८३ आणि पी सुमारे ०.००५. फरक मात्र तोच, ४ गुणांचा!

पी ०.१६ म्हणजे ‘फरक नसण्याची शक्यता १६ टक्के’ नव्हे. हा घोळ शिकलेली माणसेही सर्रास घालतात. मुळात फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे १६ वेळा दिसला असता, इतकाच त्याचा अर्थ.

लहान गटातच विचलन जास्त असेल, तर दोन्ही गटांचे विचलन सारखेच मानणारी, एकत्रित विचलनाची जुनी चाचणी फसवे ‘लक्षणीय’ निकाल देते. तिथे प्रत्येक गटाचे विचलन वेगळे धरणारी वेल्चची चाचणी वापरावी. त्याच माणसांची आधीची-नंतरची मोजमापे असतील, तर दोन्ही चाचण्या गैरलागू, कारण त्या स्वतंत्र गटांसाठी आहेत.

बातमीत निदान फरकाच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादा (खरा फरक ज्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे, ते दोन टोकांचे आकडे) छापाव्यात. वरच्या उदाहरणात २५ जणांसाठी त्या उणे १.७ ते ९.७ येतात, १०० जणांसाठी १.२ ते ६.८.

– एक वाचक