द्राक्षाचे नवे वाण आणि एका अक्षराची चूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षाचा हंगाम आला की शेतीच्या पानावर ‘अमुक शेतकऱ्याने नवे वाण तयार केले’ अशी एखादी बातमी येतेच. मी तासगाव तालुक्यात तीन एकर बाग करते. लग्नाआधी सांगलीत वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. या बातमीतला ‘तयार केले’ हा शब्द मला दर वेळी खटकतो, म्हणून हे पत्र.

आमच्या तालुक्याच्या नावाचे वाण, तास-ए-गणेश, घ्या. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ते थॉमसन या बिनबियांच्या जुन्या वाणातून निवडले. नान्नजच्या नानासाहेब काळे यांना सोनाका सापडले तेही थॉमसनमध्येच. या वाणांसाठी कुणी संकर केला नव्हता की बी पेरले नव्हते. बदल वेलीने आपला आपण केला होता. या दोघांनी तो ओळखला, ती काडी राखली आणि वाढवली. हे काम कमी मोलाचे नाही. किती अवघड आहे, हे पेशीच्या आत काय चालते ते पाहिल्यावर कळते.

आपण द्राक्ष बियांपासून लावत नाही. डॉगरीज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर (मुळाकडच्या भागावर) हव्या त्या वाणाची काडी बांधतो. म्हणजे सगळी बाग एकाच वेलीचा विस्तार. आमच्या मामांनी (सासऱ्यांनी) काड्या शेजारच्या गावातून आणल्या, त्या बागवाल्याने आणखी कुठून तरी. थॉमसनची काडी अशी हातोहात शंभराहून जास्त वर्षे चालत आली आहे आणि तरी मणी तोच, चव तीच.

डोळा फुटला की शेंड्यातल्या पेशी दुप्पट होत जातात आणि दर वेळी पेशीला आपला सगळा डीएनए नव्याने उतरवून काढावा लागतो. द्राक्षाच्या डीएनएत सुमारे ५० कोटी अक्षरे आहेत. आईकडचा एक संच, बापाकडचा एक, म्हणजे १०० कोटी. अक्षरे चारच : ए, टी, जी, सी. दुपेडी दोर उलगडतो आणि पॉलिमरेज नावाचे विकर (एन्झाइम) मोकळ्या झालेल्या प्रत्येक पेडासमोर जोडीचे अक्षर बसवत जाते, एसमोर टी, जीसमोर सी. हे विकर एकाच दिशेने चालते. त्यामुळे एक पेड सलग उतरतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी. जपानच्या ओकाझाकी दांपत्याने १९६०च्या दशकात हे तुकडे दाखवून दिले. ते मागाहून असे सांधले जातात की सांधा शोधून सापडत नाही. आपण बांधलेल्या कलमाची गाठ वीस वर्षांनीही दिसते.

आता हिशेब बघा. अक्षर बसवताना विकराकडून लाखात साधारण एक चूक होते. तेवढ्यावर सोडले तर एका पेशीच्या एका नकलेत दहा हजार चुका राहतील. पण चुकीचे अक्षर बसले की तेच विकर थांबते, एक पाऊल मागे येते, ते अक्षर कापून टाकते आणि पुन्हा बसवते. आता कोटीत एक चूक, म्हणजे नकलेमागे शंभर. त्यानंतर विकरांची आणखी एक टोळी नव्या दोरावरून फिरते आणि जिथे जोडी जमत नाही तिथला नवा तुकडा काढून परत भरते. शेवटी उरते १०० कोटी अक्षरांत सुमारे एक चूक, बहुधा त्याहूनही कमी. (हे आकडे मुख्यतः जिवाणू आणि यीस्टवरच्या मोजणीचे आहेत, पण यंत्रणा वेलीतही तशीच आहे.) या टोळीला जुना पेड कोणता आणि नवा कोणता हे कळावे लागते, नाहीतर ती बरोबर अक्षरच पुसून बसेल. ई. कोलाय जिवाणूत जुन्या पेडावर रासायनिक खुणा असतात आणि नुकत्याच उतरलेल्या पेडावर त्या अजून लागलेल्या नसतात. हे उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना टॉमस लिंडाल आणि अझीझ संजार यांच्याबरोबर २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

संजार यांचे काम मला एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी (घड उतरल्यावरची छाटणी) करताना हमखास आठवते. उन्हातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारची दोन टी अक्षरे एकमेकांना चिकटतात. वनस्पतींकडे एक असे विकर आहे की ते उजेडाच्याच बळावर ही चिकटलेली जोडी सोडवते. माणसाच्या अंगात ते नाही. आपल्याला दुसऱ्या, लांबच्या वाटेने दुरुस्ती करावी लागते.

इतके करूनही क्वचित एखादी चूक निसटते. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. पण द्राक्षाचा बिनबियांचा गुण एका जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने आला आहे. पन्नास कोटींतले एक अक्षर, आणि आपला सगळा बेदाणा त्यावर उभा. शिवाय चूक झालेली पेशी शेंड्यात नेमक्या जागी असावी लागते, तरच पुढची फांदी तिच्यापासून वाढते. पानात कुठेतरी झालेली चूक पानाबरोबर गळून जाते.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या पश्चिमेच्या ओळीत एका काडीवर वेगळा घड दिसला. मणी लांबट, टोकाला जरा निमुळते. मामांनी खिशातून लाल सूत काढून काडीच्या बुडाशी गाठ मारली. खरड छाटणीला त्या वेलीवर मी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः कात्री घेतली आणि सुताजवळचा एक डोळा राखला. ऑक्टोबर छाटणीनंतर त्या काडीच्या घडाला जीएचे (मणी लांबवणाऱ्या जिबरेलिक आम्ल या संजीवकाचे) डिपिंग, म्हणजे द्रावणात बुडवणे, मोजून शेजारच्या घडांइतकेच दिले. जानेवारीत मणी भरले ते शेजारच्यांसारखेच गोलसर. आदल्या वर्षी त्या घडाला डिपिंग दोनदा झाले असणार. मामा बराच वेळ मांडवाखाली उभे होते. मग सूत सोडून त्यांनी परत खिशात ठेवले.

आमच्या भाऊजींनी मात्र अशाच एका ‘नव्या वाणा’च्या काड्या फोटोतला घड बघून चौपट भावाने आणल्या. दोन वर्षांनी फळ धरले ते साध्या थॉमसनचे. अर्ध्या एकराची दोन वर्षे गेली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. अशी बातमी छापताना ‘निवडले’ किंवा ‘सापडले’ असे लिहावे. आणि त्या शेतकऱ्याला एवढे विचारून तेही छापावे : वेगळेपण किती हंगाम टिकले, शेजारच्या वेलींना खत, पाणी, संजीवके तेवढीच होती का, आणि त्या काडीची कलमे दुसऱ्या रानात बांधल्यावर तिथेही तसेच मणी आले का?

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली