ताप आला की लगेच अँटिबायोटिक कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पाऊस लागला की आपल्या पेपरात तापाच्या बातम्या सुरू होतात, किती पेशंट, कुठे फवारणी, आणि बाजूला प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा. पण ही शक्ती व्हायरसला ओळखते कशी ते कोण छापतच नाही. मी दोडामार्गकडे बायोलॉजी शिकवतो, मुलं हा भाग कान देऊन ऐकतात, म्हणून लिहितोय.

डेंग्यू काय किंवा आपल्याकडचा माकडताप काय, दोन्ही आरएनए व्हायरस. आपल्या पेशीतल्या मेसेंजर आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. व्हायरस पेशीत शिरून स्वतःच्या कॉप्या काढायला लागला की बिनटोपीचे, टोकाला तीन फॉस्फेट असलेले तुकडे तयार होतात, दुपदरी आरएनए पण होतो. रिग-आय आणि एमडीए-५ ही प्रोटीनं नेमकी तेवढीच खूण पकडतात, मग मायटोकाँड्रियावरच्या माव्ह्ज या प्रोटीनला सिग्नल जातो, तिथून आयआरएफ-३ हे दुसरं प्रोटीन जागं होऊन न्यूक्लियसमध्ये जातं आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे शेजारच्या पेशींना सावध करणाऱ्या प्रोटीनचा, जीन चालू. अँटिबॉडी तयार व्हायला बरेच दिवस लागतात, हे काही तासांत होतं! एका घरात चोर शिरल्याची हाक ऐकून अख्खी वाडी दारं लावून घेते तसं इंटरफेरॉन पोचलं की शेजारच्या पेशी शेकडो जीन चालू करतात, प्रोटीन बनवणंच थांबवायची तयारी ठेवतात. डेंग्यूचा व्हायरस पण कमी नाही, तो या निरोपातलं स्टॅट-२ हे प्रोटीनच नष्ट करून टाकतो.

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन शोधलं, आणि त्याच वर्षी शिमोग्याच्या जंगलात माकडतापाचा व्हायरस सापडला, जो पुढे २०१६ पासून गोचिडींमार्फत आपल्या सिंधुदुर्गात माणसांना व्हायला लागला.

तापात अंग मोडून येतं त्यात इंटरफेरॉनचा मोठा वाटा असतो. हिपॅटायटिस सी च्या पेशंटना पूर्वी त्याची इंजेक्शनं द्यायचे तेव्हा त्यांना पण फ्लूसारखंच व्हायचं. आणि लोक पहिल्याच दिवशी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात, ज्याचा व्हायरसवर काडीचा उपयोग नाही. उलट लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप बॅक्टेरियाचा, शेतात चिखलात काम करणाऱ्याला तो असला तर अँटिबायोटिक लवकर मिळायलाच हवं. वरून दोन्ही ताप सारखेच दिसतात, म्हणून डॉक्टरला दाखवून रक्त तपासायचं, घरी अंदाज करत बसायचं नाही.

काजूचा सिझन सुरू व्हायच्या आत, लोक बागेत जायला लागायच्या आधी, यावर एक पान छापा ही विनंती. चित्रं माझे विद्यार्थी काढून देतील.

आपला,
एक शिक्षक, ता. दोडामार्ग