मनूच्या पळण्याबद्दल, लॉस एंजेलिसहून

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं आणि इथे थंडी नसतेच, त्यामुळे स्वेटर पाठवू नका. कामाचं तुम्हाला ठाऊकच आहे. परवा फोनवर मनूचा विषय निघाला आणि आई एकदम गप्प झाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आई, मनू वजनं उचलते तर पुढे बाळंतपणात त्रास होईल, हे शेजारच्या काकूंचं म्हणणं मनातून काढून टाक. याच शहरातली धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स नववीत पहिल्यांदा ट्रॅकवर आली. पाय असे काटकुळे की पोरं 'कोंबडीचे पाय' म्हणून चिडवायची. पण सत्तावन्न किलोची ही मुलगी शाळेत असतानाच १२० किलोंच्या वर डेडलिफ्ट मारायची, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार दोन्ही हातांनी वर उचलायची. तरी अंग फुगलं नाही, कारण वजन भारी आणि खेपा कमी. दोन-तीनदाच उचलायचं आणि मग चांगली विश्रांती घ्यायची. बार गुडघ्यापर्यंत आणून सोडून द्यायचा. सावकाश खाली ठेवत गेलं की मांडीमागचा स्नायू दुखून येतो आणि दुसऱ्या दिवशीचं पळणं बिघडतं. मनूने मात्र आकड्याच्या मागे लागू नये. पाठ वाकायला लागली की तिथेच थांबायचं. सरांनाही हे सांगा.

बाबा, तुम्ही विचारलंत, दोन वर्षांत पदक नाही आलं तर? फेलिक्सला ऑलिंपिकच्या २०० मीटरमध्ये २००४ साली अथेन्सला रौप्य मिळालं, २००८ साली बीजिंगला पुन्हा रौप्यच. दोन्ही वेळा पुढे जमैकाची वेरोनिका कॅम्पबेल-ब्राउन. सुवर्ण आलं ते २०१२ साली लंडनला, २१.८८ सेकंदांत. तिची सुरुवात कमी पडायची. ती घोटायला ती १०० मीटरही पळू लागली. लंडनला त्यात पाचवी आली, पण १०.८९ ही तेव्हाची तिची सर्वांत चांगली वेळ होती, आणि तो वेग २०० च्या वळणावर कामी आला. मनूचीही गाडी वळणावरच अडते. सुरुवातीला पाय टेकवायचा ब्लॉक लेनच्या मधोमध नको, बाहेरच्या कडेला तिरका लावायचा, तोंड आतल्या रेषेकडे. मग पहिली आठ-दहा पावलं सरळ पडतात. मधोमध लावला की चौथ्या पावलालाच वळावं लागतं.

इथली एक रीत मात्र मला अजून पचत नाही. ऑलिंपिकच्या संघासाठी निवड समिती बसत नाही. पात्रता मिळाली असली की चाचणी शर्यतीत पहिल्या तिघी जातात. चौथी जगज्जेती असली तरी त्या प्रकारात घरी. २०१२ साली ओरेगॉनमधल्या युजीनला १०० मीटरच्या तिसऱ्या जागेवर फेलिक्स आणि जेनेबा टार्मो अडकल्या. आधी टार्मो तिसरी असं जाहीर केलं, मग फोटो पुन्हा पाहिले तर दोघींची वेळ ११.०६८. कॅमेरा सेकंदाला तीन हजार चित्रं घेतो आणि धड रेषेवर कधी आलं तेवढंच बघतात, डोकं-हात-पाय धरत नाहीत. बरोबरी झाली तर काय, याचा नियमच नव्हता. मग घाईने केला: एकीने जागा सोडावी, नाहीतर नाणं उडवावं किंवा दोघींनी पुन्हा पळावं. नाणं पंचवीस सेंटचं आणि बोट-अंगठा कसा धरायचा, इथपर्यंत लिहिलं होतं! दोघी एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालच्या, बॉबी कर्सींच्या. पुन्हा पळायचं ठरलं, पण पळायच्या दिवशी टार्मोने माघार घेतली. मला तिचं फार वाईट वाटतं. मनूला सांगा, शेवटच्या पावलाला छाती पुढे टाक, मान नाही.

आणि लग्न-मूल झालं की पळणं संपतं असंही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, बत्तिसाव्या आठवड्यात, नेहमीच्या तपासणीत फेलिक्सचा बीपीचा गंभीर त्रास सापडला आणि तातडीने सिझेरियन करावं लागलं. वहिनीला सातवा लागलाय. प्रत्येक खेपेला तिचं बीपी मोजून घ्या. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले, तर 'या दिवसांत होतंच' म्हणत घरी बसू नका. त्याच काळात तिची प्रायोजक बूट-कंपनी नायकेने तिला आधीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देऊ केले होते. तिने ते २०१९ साली जाहीरपणे लिहिलं आणि कंपनीला बाळंतपणाबद्दलचं धोरण बदलावं लागलं. पस्तिसाव्या वर्षी टोकियोला नवव्या लेनमधून ४०० मीटरचं कांस्य घेतलं, ४९.४६ सेकंदांत, स्वतःच्या कंपनीचे बूट घालून. रिलेचं सुवर्ण धरून ऑलिंपिकची एकूण अकरा पदकं.

तीस हजार पाठवलेत. त्यातून आधी मनूचे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट घ्या. सिंथेटिक ट्रॅकवर सहा मिलिमीटरची पिन लागते, मातीवर बाराची. उरलेले वहिनीच्या दवाखान्याला. डोहाळजेवणाला मला येता येणार नाही, रजा नाही मिळाली. आई, हिरवी साडी माझ्याकडून तूच निवड. कऱ्हाडच्या मुलाचा फोटो पाहिला, चांगला वाटतो. नाही म्हणत नाही, फक्त दिवाळीत आले की समोरासमोर बोलू. तोवर त्यांना शब्द देऊ नका, बाबा. रागावू नका.

तुमची,
ताई

ता. क. मनू, ब्लॉकची पुढची पाटी रेषेपासून तुझ्या पावलाच्या दुप्पट लांबीवर, मागची तिप्पट लांबीवर लावून बघ. जमलं ते माप वहीत लिहून मला कळव.