पाना कुठून घालणार?

बडोदे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शि. सा. नमस्कार.

आई, शनिवार-रविवार मी कसल्या गडबडीत असते असं तू परवा विचारलंस आणि मी "मुलांचा रोबोट" म्हणून विषय संपवला. आता नीट लिहिते. पत्र जास्त करून बाबांच्या कामाचं आहे, तेवढं चालवून घे.

मुलं आठवी ते अकरावीतली. 'फर्स्ट टेक चॅलेंज' ही मूळची अमेरिकेतली स्पर्धा. खेळ सुरू होताना रोबोट १८ इंच लांबी-रुंदी-उंचीत मावला पाहिजे. आमची तयारी त्यातल्या डिझाइनच्या बक्षिसासाठी चाललीय. सगळं १५ पानांत मांडायचं, आणि पठ्ठ्यांनी सुरुवातीची पानं लग्नाच्या अल्बमसारखी चकचकीत चित्रांनी भरली! दिसतात छान. पण हात असाच का केला, आधीचा का सोडला, हे परीक्षक विचारणारच, आणि त्याचा कुठे पत्ता नाही.

मग मी तुमचाच प्रश्न टाकला, बाबा. मकरपुऱ्याच्या कारखान्यात नव्या ड्राफ्ट्समनला तुम्ही विचारायचात तोच: "सगळं ठीक, पण पाना कुठून घालणार?"

रोबोटच्या हाताच्या खांद्यापाशी एम-४ चा, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचा, एक बोल्ट आहे. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, तो हवेतून येतो आणि जागेवर बसतो. खऱ्या रोबोटवर त्याच्या तोंडासमोर मोटर. अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) बोल्टच्या डोक्यात जाते, पण पाव फेरासुद्धा फिरत नाही. त्यात भोक बरोब्बर ४ मिलिमीटरचं, म्हणजे बोल्ट ठोकूनच घालायचा! आता प्लेटला मोटरच्या बाजूने खाच दिली आणि भोक ४.५ केलं. वायरींचंही तेच. मॉडेलमध्ये त्या काढलेल्याच नव्हत्या, त्यामुळे हात खाली आला की चिमटायच्या.

हे सगळं पानावर घ्यायला लावलं: जुनी प्लेट, नवी प्लेट, शेजारी कारण. खाली तुमच्या शीटवर असायचा तसा रिव्हिजनचा, म्हणजे काय कधी बदललं त्याचा, तक्ता. चित्रं दोनच ठेवली, त्यावर थोडी रुसवाफुगवी झाली. हे शिकवणारे बाबा कलाभवनातले, म्हणजे इथल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेतले, असं सांगितलं तर कलाभवन १८९० सालचं आहे हे एकालाही माहीत नव्हतं. रोज त्याच्यावरून शाळेत जातात!

ड्रॉइंगचं शीट दादाला पाठवलंय. ए-३ वर छापून घ्या, फोनवर डोळे ताणत बसू नका. अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे थर्ड अँगलमध्ये ठेवलंय, म्हणजे वरून दिसणारी बाजू समोरच्या बाजूच्या वर काढलीय; फर्स्ट अँगलमध्ये ती खाली असते. तुमच्या फर्स्ट अँगलच्या सवयीने बघाल तर वरून दिसणारी बाजू भलत्याच जागी वाटेल, म्हणून आधी कोपऱ्यातलं चिन्ह बघा. मग लाल पेन्सिल चालवा, अजिबात हात आखडू नका. गुरुवारपर्यंत मिळालं तर बरं.

आई, काल सगळ्यांना घरी शेव-उसळ केली. पातेलं चाटूनपुसून साफ. तुझा गोडा मसाला मात्र संपत आलाय, कुणी इकडे येणार असेल तर पाठव. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची,
मनू