स्कोअरसोबत चाचणीच्या अटीही छापा

महोदय,

प्रोसेसर आणि लॅपटॉप यांची तुलना छापताना बहुतेकदा वेगाच्या चाचणीचे नुसते स्कोअर दिले जातात. ते कोणत्या सेटिंगवर मिळाले, याचा पत्ताच नसतो. वाचक त्या आकड्यांवर खरेदी ठरवतो, म्हणून हे खटकते.

इंटेलचा कोअर आय९-१०९००के पाहा. त्याची सततची वीजमर्यादा १२५ वॅट, पण ५६ सेकंदांपर्यंत तो २५० वॅट घेऊ शकतो. चाचणी अर्ध्या मिनिटात आटोपली, तर मोजली जाते ती फक्त सुरुवातीची झेप. त्यातच कित्येक मदरबोर्ड ही मर्यादा आधीच उठवून ठेवतात. चिप तीच, पण बोर्ड बदलला की स्कोअर बदलतो. म्हणून बायॉसमधली (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधली) वीजमर्यादा लिहावी, चाचणी सलग वीस मिनिटे फिरवावी आणि पहिल्या व शेवटच्या फेरीचा आकडा द्यावा. लॅपटॉप तापला की प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे वेग, उतरतो, तिथे तर शेवटचा आकडाच खरा.

रॅमचेही तसेच. ३२०० वेगाचा डीडीआर४ रॅमचा संच लावूनही एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी बायॉसमधली सेटिंग) बंद राहिले, तर तो सहसा २१३३ किंवा २६६६ वरच चालतो. दोनऐवजी एकच स्टिक लावली तर एकच चॅनल वापरला जातो, बँडविड्थ (माहिती वाहण्याची क्षमता) निम्मी होते आणि अंगभूत ग्राफिक्स सर्वांत आधी मार खाते.

दोन्ही यंत्रांना सारखी सेटिंग दिली की न्याय झाला, असेही नाही. २०१८ मध्ये इंटेलने करवून घेतलेल्या एका चाचणीत प्रतिस्पर्धी एएमडीचा रायझन ७ २७००एक्स ‘गेम मोड’मध्ये चालवला गेला. हा मोड एएमडीच्याच जास्त कोअरच्या थ्रेडरिपर प्रोसेसरसाठी सोयीचा, पण २७००एक्सचे आठपैकी चार कोअर त्याने बंद पडले. टीका झाल्यावर चाचणी पुन्हा घ्यावी लागली.

गेममध्ये प्रोसेसर तोलायचा असेल तर फोर-के इतके मोठे रिझोल्यूशन नको. तिथे ग्राफिक्स कार्डच अडते आणि सगळे प्रोसेसर सारखेच दिसतात. रिझोल्यूशन १०८० पी ठेवून सरासरी फ्रेमसोबत एक टक्का नीचांकही (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग) द्यावा.

सर्वोत्तम फेरी निवडून छापणे तर सरळ चूक. स्पेक सीपीयू २०१७ या प्रोसेसर-चाचणीसंचाचा नियम चांगला आहे: तीन फेऱ्यांचा मध्यक (क्रमाने मधला आकडा), किंवा दोनच असतील तर त्यातली संथ. शिवाय कंपायलरपासून (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) रॅमपर्यंत सगळे जाहीर करावे लागते. एका इंटेल कंपायलरने एका विशिष्ट चाचणीपुरती खास सोय केल्याचे आढळले, तेव्हा २०२४ मध्ये या चाचणीसंचाचे २,६०० हून अधिक निकाल अवैध ठरवता आले, ते अशा नोंदींमुळेच.

कूलर, बायॉस व ड्रायव्हरची आवृत्ती, वीजमर्यादा, रॅमचा प्रत्यक्ष वेग आणि चॅनल, खोलीचे तापमान, फेऱ्यांची संख्या. हे सारे तक्त्याखाली चार ओळींत मावते. पुढच्या तुलनेपासून त्या ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक