गुहागर–विजापूर रस्त्याचे जुने दगड उचलून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुहागर–विजापूर राज्यमार्गाला राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा मिळून तो आता ‘166 ई’ झाला, याचा पाटण खोऱ्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला आनंदच आहे. मात्र रुंदीकरणाच्या धांदलीत या रस्त्याचे नाव आणि त्याच्या जुन्या खुणा, म्हणजे मैलाचे दगड, दोन्ही पुसल्या जात आहेत, हे आपल्या पत्रातून मांडू इच्छितो.

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून हा रस्ता शिरगाव, पोफळीमार्गे कुंभार्ली घाट चढतो. हेळवाकपाशी कोयना दक्षिणेची वाट सोडून पूर्वेला वळते आणि तेथून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत नदी व रस्ता जोडीनेच चालतात. पुढे ओगलेवाडी, विटा, भिवघाट, जत करत तो कर्नाटकात शिरतो. वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणारे कोयनानगर आणि टँकरची वाट पाहणारा जत तालुका एकाच रस्त्यावर आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही.

त्याच्या नावालाही जुना अर्थ आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ हे विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे बंदर होते. पुढे रेल्वे येण्यापूर्वी देशावरचा माल कुंभार्लीतून उतरून चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरात गलबतांवर चढत असे. विजापूरचे अधिकृत नाव 2014 मध्ये विजयपूर झाले, तरी आमच्याकडची म्हातारी माणसे ‘विजापूर रस्ता’च म्हणतात. ‘166 ई’ मात्र मी अजून एकाही एसटी वाहकाच्या तोंडून ऐकलेले नाही.

राज्यमार्गाच्या दगडाचा माथा हिरवा, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. गेल्या महिन्यात मल्हारपेठेच्या अलीकडे गटाराच्या खोदाईत असाच एक हिरव्या माथ्याचा दगड आडवा पडलेला दिसला. रंगाचे पोपडे निघालेले आणि ‘गुहा’ एवढीच अक्षरे मातीबाहेर. कामावरच्या मुकादमाला विचारले, तर तो दगड भरावात जाणार असल्याचे त्याने सहज सांगितले.

असे जे दगड शाबूत असतील, ते जवळच्या ग्रामपंचायतीच्या किंवा बसस्थानकाच्या आवारात उभे करावेत आणि नव्या दिशाफलकांवर क्रमांकाखाली ‘गुहागर–विजापूर मार्ग’ असे लिहावे, एवढीच विनंती आहे. खर्च फारसा नाही; पण पावसाळ्यापूर्वी भराव पडला, तर दगड पुन्हा हाती लागणार नाहीत.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)