भिंत आढ्यापर्यंत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाआधी कोकणात शाकारणी होते. कौलं उतरलेली असतानाच एक काम उरकून घ्यावं, म्हणून हे पत्र: दोन घरांमधली भिंत आढ्यापर्यंत, म्हणजे छपराच्या सर्वांत वरच्या आडव्या लाकडापर्यंत, नेण्याचं.

बैठ्या चाळीत किंवा एका ओळीतल्या कौलारू घरांत दोन बिऱ्हाडांमधली भिंत बऱ्याचदा माळ्याच्या उंचीवरच थांबते. वरचा तिकोना मोकळा. उंदीर, उदमांजर तिथून बिनधास्त फिरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आग लागली की तीही त्याच वाटेने जाते. तापलेला धूर आधी आढ्याला भिडतो आणि तिथून आडवा पळतो. माळ्यावर नारळाची सोडणं, करवंट्या, जुन्या गाद्या रचलेल्या असतात. शेजारच्याला छताची ताडपत्री पेटेपर्यंत पत्ताही लागत नाही.

हा तिकोना प्लायवुडने किंवा फ्लेक्सने झाकणं म्हणजे आगीला सरपण पुरवणं. पत्रा जळत नाही, पण तापून वाकतो आणि कडेची फट उघडतो. सिमेंटचा जुना पत्रा आगीत तडतडून फुटतो, शिवाय तो कापताना अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ उडते. त्याच्या वाटेला जाऊच नये.

खालची भिंत चिऱ्याची किंवा विटांची असेल तर वर 100 मिमी जाडीचे एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) घ्यावेत. घराची पुढून मागपर्यंतची लांबी 20 फूट आणि भिंतीपासून आढं साडेपाच-पावणेसहा फूट उंच धरलं, तर तिकोना भरतो साधारण 55 चौरस फूट. 600 × 200 मिमीचे 50 ब्लॉक, तुकड्यांची नासाडी धरून. गिलावा सोडून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. साडेचार इंची विटांत हेच काम हजार किलोंच्या वर जातं. खाली कुडाची किंवा फळ्यांची भिंत असेल तर एवढंही वजन नको. तिथे जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी) चॅनेलचा सांगाडा, दोन्ही बाजूंना आगरोधक जिप्सम बोर्डाचे दोन-दोन थर आणि मध्ये रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर.

जुन्या भिंतीच्या माथ्यावरचे सुटे चिरे, माती काढून ती आधी पक्की करावी. दोन-दोन फुटांवर 8 मिमीच्या सळ्या सहा इंच आत रोवाव्यात, नाहीतर नवा भाग नुसता टेकलेला राहतो. उताराला लागणारे ब्लॉक करवतीने तिरपे कापावेत. गवंडी तिथे पायऱ्या सोडून विटांचे तुकडे आणि मसाला कोंबतात; वाऱ्याने छप्पर हललं की ते तुकडे एकेक करून माळ्यावर पडतात.

खरं काम पुढेच आहे. मोठं भोक सगळे बुजवतात. आग जाते ती कौलांखालच्या दोन बोटांच्या फटीतून. भिंत कौलाला टेकवू नये. मसाला कौलाला चिकटला की कौलं तडकतात, आणि कौलाची ओल मसाल्यातून भिंतीत उतरते. दोन बोटं जागा ठेवून तीत रॉकवूल दाबून भरावं: 50 मिमी फटीला 60-65 मिमीचा तुकडा. काचेची लोकर चालणार नाही, ती आगीत वितळते. स्प्रेच्या डब्यातला साधा फोम तर पेटतोच. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) भिंतीवरून पलीकडे जात असतील आणि दोन्ही बाजूंना त्यांना आधार देणारा वासा जवळ असेल तर भिंतीवर कापून टाकाव्यात. नसेल तर निदान भिंतीवरचा भाग चहूबाजूंनी मसाल्यात गाडावा. आढं आणि आडवी लाकडं सुकून आकसतात, त्यामुळे त्यांच्याभोवती मसाला न लिंपता रॉकवूल आणि वरून आगीत फुगणारा सीलंट.

वायरी पीव्हीसी पाइपातून नेल्या असतील तर आगीत पाइप वितळतो आणि बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं. भिंतीत लोखंडी पाइपाचा तुकडा बसवावा, वायरी त्यातून न्याव्यात आणि दोन्ही तोंडं सीलंटने भरावीत.

‘वरची फट नको बुजवायला, गॅस कोंडेल,’ असं हमखास ऐकू येतं. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्याला वाट हवी दाराखाली किंवा जमिनीलगतच्या जाळीतून. उकाड्याची तक्रार मात्र खरी आहे. आरपार वारा बंद होतो, म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाच्या दोन्ही पाख्यांवर, म्हणजे छपराच्या उतारांवर, हवेची कौलं बसवावीत.

शेजाऱ्याची आणि घरमालकाची लेखी संमती आधी घ्यावी. उदमांजराची पिल्लं माळ्यावर असतील तर ती निघून जाईपर्यंत थांबावं. हा प्राणी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

काम झालं की गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी पलीकडे टॉर्च लावून अलीकडून अंधारात पाहावं. वाकडी फट टॉर्चला सापडत नाही. तिच्यासाठी उदबत्ती घेऊन कौलांखालून, आढ्याभोवतीने, वायरींपाशी सावकाश फिरवावी. धूर जिथे आत ओढला जाईल, तिथे खडूने खूण करावी.

आपला,
एक बांधकाम पर्यवेक्षक, रत्नागिरी